'अनिश्चितता' वर्गात कशी सांगायची?

नववीला हवामानबदल शिकवताना अडतंय, पूर्ण मराठी माध्यम आहे. अनसर्टन्टीला अनिश्चितता म्हटलं की पोरं लगेच म्हणतात, म्हणजे शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही ना सर. दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

---

शब्द राहू दे, तो कुठे वापरता ते बघा. तापमान माणसामुळे वाढलंय का, याला आयपीसीसीचं (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) २०२१चं उत्तर सरळ 'निःसंशय' आहे, तिथे अनिश्चितता आणूच नका. किती वाढेल याला मात्र पल्ला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर शेवटी तापमान किती चढेल, याचं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या १९७९च्या चार्नी समितीचं उत्तर होतं १.५ ते ४.५ अंश, आता बहुधा २.५ ते ४ म्हणतात. चाळीस वर्षं घासून एवढंच आकसलं कारण ढग, हवा तापली की ढग किती कमी होतील किंवा बदलतील हे पकडणं महाकठीण. पण खालचं टोक वर सरकलंय हे पोरांना दाखवा की!

---

पल्ला नको हो, आमच्याकडे पल्ला म्हणजे लांबचं अंतर. 'अडीच ते चारच्या दरम्यान' म्हणा, कळतं. आणि मापनातल्या 'एरर'ला 'त्रुटी' तर अजिबात नको, मुलं तिला चूकच समजतात.

---

मूळ घोळ 'हवामान'मध्येच आहे. पुस्तकात रोजची ती हवा, वर्षानुवर्षांचं ते हवामान, पण उद्याचा पाऊस सांगतं ते हवामान खातं, मग पोरगं विचारणारच की उद्याचं चुकतं तर २१००चं कसं सांगता. मी खात्याचीच भाषा वापरते. 'तुरळक ठिकाणी' ऐकायला मोघम पण त्याला माप आहे, त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. तसंच आयपीसीसीचं 'बहुधा' म्हणजे किमान ६६ टक्के, 'अति संभाव्य' म्हणजे ९०. आणि शतकाअखेरीच्या तापमानवाढीचे १.४ ते ४.४ अंश जे दाखवतात त्यातला मोठा फरक आपण कोळसा-तेल किती जाळू यावर आहे, त्याला अनिश्चितता म्हणणं मला तरी पटत नाही, तो आपला निर्णय झाला ना.

---

'दरम्यान' घेतो, आणि तुरळकचं माप उद्याच सांगतो. आता 'एका वाक्यात उत्तरे लिहा'मध्ये कुणी 'अडीच ते चारच्या दरम्यान' लिहिलं तर तपासणारा मार्क देईल का ते बघायचं 😀