महास्फोट : शब्द आणि वापर

विश्वाच्या प्रसरणाची सुरुवात सांगणारा ‘महास्फोट’ (इंग्रजीत ‘बिग बँग’) हा शब्द बदलावा अशी सूचना अधूनमधून केली जाते, कारण तो ऐकताच ‘स्फोट नेमका कुठे झाला?’ असा प्रश्न मनात येतो. प्रश्न रास्त आहे. सुतळी बॉम्ब फुटतो तेव्हा अंगण आधीपासून असते आणि चिंध्या त्यात उडतात. विश्वाच्या बाबतीत मात्र अंगणच पसरू लागले, त्यामुळे जागा दाखवायचीच झाली तर वाचकाची खुर्चीसुद्धा दाखवता येईल.

‘बिग बँग’ हा शब्दप्रयोग खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी मार्च १९४९मध्ये बीबीसी रेडिओवर केला. जयंत नारळीकरांचे हे केंब्रिजमधील गुरू विश्वाला सुरुवातच नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताचे पुरस्कर्ते होते, म्हणजे नाव दिले ते विरोधकाने. १९९३मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाने पर्यायी नावासाठी स्पर्धा घेतली. १३,०००हून अधिक नावे आली, पण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यासह परीक्षकांना एकही पसंत पडले नाही.

मराठीत पर्याय शोधण्याची तितकी निकड मला वाटत नाही. ‘स्फुट्’ या धातूला फुटणे आणि उमलणे हे दोन्ही अर्थ आहेत. ‘गौप्यस्फोट’ म्हणजे गुपित उघड होणे, आणि ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणताना भराभर होणारी वाढ एवढेच अभिप्रेत असते, दारूगोळा कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही.

जपायला हवे ते वाक्यातील बाकीच्या शब्दांना. ‘महास्फोटात तारे दूर फेकले गेले’ हे वाक्य चुकीचे आहे, कारण तेव्हा तारे नव्हतेच. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांशी जोडले जाऊन अणू स्थिरावायलाच सुमारे ३,८०,००० वर्षे लागली. ‘महास्फोटापासून विश्व प्रसरण पावत आहे’ हे निर्दोष आहे. अणू स्थिरावल्यावर मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. १९६४मध्ये न्यू जर्सीतील होल्मडेल येथे पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात एक खरखर काही केल्या थांबेना, तेव्हा त्यांनी आत राहणाऱ्या कबुतरांना हलवले आणि त्यांची शीटही साफ केली, तरी खरखर उरलीच. ती खरखर म्हणजे हाच प्रकाश होता. त्याचे तापमान आज सुमारे २.७ केल्विन मोजले जाते. त्या खरखरीला ‘महास्फोटाचा आवाज’ म्हणणे आकर्षक असले तरी टाळावे. ते प्रारण (रेडिएशन) आहे, ध्वनी नव्हे, आणि ते महास्फोटाच्या क्षणाचेही नाही. ‘वैश्विक पार्श्वप्रारण’ हा शब्द थोडा जड वाटला तरी अचूक आहे.

‘महाविस्फोट’ हे रूप हिंदीतून येते. मराठीत ‘महास्फोट’ रूढ असताना त्याची गरज नाही.