हस्की घ्यावा का? घरात दोन मुलं, आणि तीन वर्षांनी पुण्याला परतायचा विचार

कॅलगरीकर

नमस्कार. आम्ही मागच्या वर्षी कॅनडातल्या कॅलगरीत आलो. मुलगी १० वर्षांची, मुलगा ६. शेजारच्यांचा सायबेरियन हस्की कुत्रा बघून दोघांनी कधीपासून धोशा लावलाय. इथल्या एका शेल्टरमध्ये दोन वर्षांची मादी आहे, एक डोळा निळा, एक तपकिरी. दोनदा भेटून आलो, आणि मुलांपेक्षा माझाच जीव तिच्यात जास्त गुंतलाय. मागे अंगण आहे, कुंपण ४ फुटांचं. नवरा दिवसभर ऑफिसात, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून येतात. थंडीचं काही नाही, पण बाकीचं जमेल का? आणि तीन वर्षांनी पुण्याला परत जायचं घाटतंय, तेव्हा तिला नेता येईल ना?

बर्फाळ_मिनेसोटा

ताई, आमची सावरी आता नऊ वर्षांची आहे. कागदोपत्री नाव वेगळं होतं. पहिल्या वसंतात तिची लव घरभर उडायला लागली तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "सावरीचं बोंड फुटलंय जणू," आणि तेच नाव पडलं. वर्षातून दोनदा असं होतं, प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे. रोज अंगणात नेऊन विंचरायचं, पिशवीभर लव निघते. वरणात केस सापडला तर चालणार नाही, असं घरात कुणाचं असेल तर आत्ताच बोलून घ्या.

पण केसांचं निभतं. खरा प्रश्न धावण्याचा. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी हे कुत्रे हलकं ओझं घेऊन लांबवर पळण्यासाठी वाढवले. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध शेवटचे हजारेक किलोमीटर अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी पोचवलं. ते रक्त तुमच्या अंगणात येणार आहे. तुम्ही घरून काम करता हे चांगलं, पण तुम्ही लॅपटॉपसमोर आणि ती नुसती खिडकीशी, याचा तिला काही उपयोग नाही. सावरी पहिल्या वर्षी रोज अर्धा तासच फिरायची. तिने सोफ्याचं एक टोक पार उसवलं, दाराची चौकट कुरतडली. मी तिला रागवत होते, याचं आजही वाईट वाटतं. मग कमरेला पट्टा बांधून, लवचीक दोरीने तिला जोडून सकाळी तासभर पळायला लागले. महिन्याभरात घर शांत झालं.

४ फुटांचं कुंपण ती सहज ओलांडेल. आम्ही ६ फुटी केलं, तर सावरीने खालून उकरलं. शेवटी तळाशी जाळी आत वळवून पुरली. एकदा फाटक उघडं राहिलं आणि पाच किलोमीटरवरच्या तळ्याकाठी सापडली, तीही गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर बघून कुणी फोन केला म्हणून. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप, आधी बसवून घ्या. तुमच्या कॅलगरीतल्या नोज हिल पार्कात कुत्रे मोकळे सोडायला जागा आहे, पण तिथे हरणं असतात, कोल्ह्यासारखे कायोटी असतात. हरिण दिसलं की तुमची हाक तिच्या कानात शिरणार नाही. ससा, मांजर, खार, सगळं तिला शिकारच वाटतं.

मुलांशी फार गोड असतात. माणसाची भीती नाही, संशय नाही, म्हणून राखणीला मात्र उपयोग शून्य. भुंकणं कमी, हेल काढून रडणं जास्त. आमच्याकडे गणपतीत शंख वाजला की ही मान वर करून सूर लावते, आणि आरती संपेपर्यंत मुलं तिच्या गळ्यात पडलेली असतात.

सासूबाई येणार आहेत म्हणून एक सांगते. माझ्या सासूबाईंनी सावरीला प्रेमाने शिऱ्याचा घास भरवला, त्यात बेदाणे होते. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली म्हणून वाचली. कांदाही विषच, म्हणजे पोहे, उपमा, भजी सगळं बंद. घरात सगळ्यांना बसवून सांगा. आणि शेल्टरकडून तिच्या डोळ्यांची तपासणी झाली का विचारा, या जातीत मोतीबिंदू लहान वयातही होतो.

औंधकर

पुण्याबद्दल मी सांगतो. माझ्याकडचा नर सात वर्षांचा आहे. आधीच्या घरी फ्लॅटमध्ये जमेना म्हणून माझ्याकडे आला. मार्च ते जून पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतरच बाहेर, दुपारभर एसी. वीज गेली की माझ्या पोटात गोळा येतो. एकदा एप्रिलात सकाळी साडेआठला नेलं, वीस मिनिटांत धापा टाकत आडवा झाला, हिरड्या लालबुंद, ताप १०५. पोटावर, जांघेत साधं पाणी ओतत, पंखा लावून दवाखाना गाठला. त्याच्या आधीच्या घरात कुणीतरी उकाडा म्हणून अंगावरचे केस भादरले होते. तसं करू नका कधी, त्याच केसांनी ऊनही अडतं. पावसाळ्यात गोचीड तापाची धास्ती वेगळी. हा कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. तुमची तिथली तीन वर्षं संपली की उरलेलं सगळं आयुष्य ती एसीच्या खोलीत काढणार. मी माझ्याकडच्याला जीव लावलाय, पण थंडीतून उचलून कुणी इथे आणू नये असं मला मनापासून वाटतं.

कॅलगरीकर

दोघांचेही आभार. काल रात्री आम्ही दोघं बसून बोललो. पुण्याचं नक्की होईपर्यंत थांबायचं ठरलं. शेल्टरला तसं कळवलं, फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना. मुलीने मात्र स्वतः जाऊन शेजाऱ्यांना विचारलं. आजपासून त्यांच्या हस्कीला सकाळी सहाला आम्ही दोघी नेतो. पहिल्या दिवशी चार किलोमीटर झाले, आणि ओढून ओढून माझा खांदा भरून आलाय. मिनेसोटाच्या ताई, तो कमरेचा पट्टा घेताना काय बघायचं? रुंद असावा का? आणि दोरी किती लांब?