पांढरा रंग गुलाबी पडतोय? आधी चंदेरी मारा
मॉडेल कारच्या लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग गुलाबी पडतो, त्यावर "प्रायमरचे आणखी हात द्या" हा सल्ला पुरेसा नाही. लॅकरमधलं (झटपट वाळणाऱ्या रंगातलं) थिनर प्लॅस्टिकमधला लाल रंग विरघळवून वर ओढतं, आणि प्रत्येक ओला हात तेच पुन्हा करतो. मध्ये अडसर हवा: चंदेरी रंगाचे दोन पातळ हात, पहिला तर जवळजवळ कोरडाच फवारायचा. त्यातले धातूचे चपटे कण एकमेकांवर बसून लाल रंगाची वाट अडवतात. 24 तास वाळू द्या, मग पांढरा प्रायमर. आधीच गुलाबी झालेली बॉडी 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. दारांच्या रेषा मात्र जपा, त्या फार पटकन पुसट होतात. चाचणी बॉनेटच्या आतल्या बाजूला घ्या.