अलार्म खोटा असला तरी मशीन खोटं नसतं

विमानतळावर बॅगेवर पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश शोधणारं स्वॅबचं मशीन उगाच वाजतं म्हणजे ते बिनकामाचं, असं काहीजण म्हणतात. उगाच वाजतं हे मान्य, बिनकामाचं हे अजिबात पटत नाही. बॅगेच्या हँडलवर, चेनवर फिरवलेली ती पट्टी आत तापवतात, निघालेल्या वाफेतल्या रेणूंना विद्युतभार देतात आणि ते आयन एका छोट्या नळीतून धावतात. कोणाला किती मिलिसेकंद लागले, एवढंच मशीन मोजतं. दुसऱ्याच कुठल्या पदार्थाचा आयन स्फोटकाच्या आयनाइतक्याच वेळात पोचला की अलार्म! ग्लिसरीन असलेलं हँडक्रीमही कधीकधी त्रास देतं. हृदयरोगी जिभेखाली ठेवतात त्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीचं प्रकरण तर आणखी वेगळं. तिथे मशीन चुकलेलं नसतंच, पदार्थ खरोखर स्फोटकातलाच असतो, फक्त कारण औषधाचं असतं.

अशा चर्चेत राहून जाणारी गोष्ट म्हणजे अलार्मनंतर काय करावं लागतं. नमुन्याचा अंश आत चिकटून राहतो, म्हणून कोरी पट्टी घालून मशीन स्वच्छ झाल्याची खात्री होईपर्यंत पुढची बॅग घेता येत नाही. हातमोजेही तिथल्या तिथे बदलायला हवेत, नाहीतर एका बॅगेवरचा अंश दुसरीवर जातो आणि भलताच प्रवासी अडकतो. शिवाय हवेचा दाब, तापमान, दमटपणा बदलला की आयनांच्या वेळा सरकतात, त्यामुळे ठराविक नमुना घालून कॅलिब्रेशन (म्हणजे मशीनचं मोजमाप बरोबर आहे ना हे) पुन्हा तपासावं लागतं. रांग वाढली की नेमकं हेच घाईत उरकलं जातं. खोटे अलार्म तिथे वाढतात.