टोल गेल्यावर पुलाकडे कोण बघतं? (अनुभव धागा)

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आनंद आहेच. पण वसुली थांबली किंवा पूल सरकारकडे आला, की त्याची देखभाल कोण आणि कुठल्या पैशातून करतं, हे फारसं कुणी विचारत नाही. तुमच्या वापरातल्या पुलाचं काय झालं? चालवणारे, बांधणारे, तपासणारे, सगळ्यांनी लिहा.

कोनशिला: मी पूल तपासणीत काम करते. खासगी कंपनीची मुदत संपून सरकारच्या ताब्यात येणाऱ्या एका पुलाच्या संयुक्त पाहणीला होते. वर नवं डांबर, कठड्यांना ताजा रंग, लेनच्या पट्ट्या लख्ख. शिडी लावून खांबाच्या माथ्यावर चढलो, तर बेअरिंगभोवती (खांब आणि वरचा गाळा यांच्यामधला आधार) साचलेल्या मातीत पिंपळ उगवलेला. एक्स्पान्शन जॉइंटचं (दोन गाळ्यांमधला, उष्णतेने प्रसरणाला जागा देणारा सांधा) रबर फाटून पावसाचं पाणी तिथूनच खाली झिरपत होतं आणि लोखंडी बेअरिंग गंजून जाम. ते बदलायचं म्हणजे जॅक लावून अख्खा गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) उचलायचा, वाहतूक अडवायची. डांबराच्या थराने हे झाकलं जातं, दुरुस्त होत नाही. दोष पाहणीच्या यादीत चढले नाहीत, तर ताबा घेतल्याची सही झाल्यावर तो खर्च सरकारचा, म्हणजे आपलाच. आमच्या वरिष्ठांनी यादी पूर्ण होईपर्यंत सही केली नाही. असे अधिकारी हवेत.

मालवाहू: जड वाहनांना मुंबईची ती माफी नाही. टोल द्यायला माझी ना नाही. पण आमच्या मार्गावरच्या दुसऱ्या एका पुलावर सांधे इतके उखडलेत, की भरलेल्या गाडीचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटतात.

नदीकाठ: इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहतो. इथल्या सेव्हर्न नदीवरचे खासगी कंपनीकडचे दोन्ही पूल ८ जानेवारी २०१८ ला सरकारकडे परत आले. टोल लगेच गेला नाही, आधी फक्त व्हॅट वजा झाला, कारचे ६.७० पौंड होते ते ५.६० झाले. पूर्ण बंद झाला १७ डिसेंबरला. जुना पूल १९६६ चा. २००६ मध्ये त्याच्या मुख्य केबलच्या आतल्या तारा गंजलेल्या सापडल्या, तेव्हापासून गंज रोखायला केबलमध्ये कोरडी हवा खेळवायची व्यवस्था करावी लागली. टोल असो नसो, हा खर्च चुकत नाही.

यमुनापार: डीएनडीचा (दिल्ली-नोएडा जोडणारा यमुनेवरचा रस्ता) टोल अलाहाबाद उच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ ला थांबवला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये निकाल कायम ठेवला. करारात कंपनीला २० टक्के परताव्याची हमी आणि पडलेली तूट पुन्हा प्रकल्पखर्चात मिळवायची! अशी वसुली संपणार कधी? सह्या करताना कुणी गणित मांडलं नव्हतं का, याचा मला अजून संताप येतो.

जुना ओव्हरसियर: कोनशिलाताईंशी सहमत. मंडळी, तुमच्या पुलाचा पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा पाहणी अहवाल माहिती अधिकारात मागा. बेअरिंग, सांधे, पाण्याचा निचरा यांचे रकाने नीट भरलेत का बघा. सगळीकडे नुसतं ‘समाधानकारक’ असेल, तर पुन्हा अर्ज करा आणि फोटोही मागा.