भा. रा. भागवतांचा जन्मदिवस सोसायटीत कसा करावा?

कर्वेनगरी
३१ मे हा फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्मदिवस (१९१०). ८ ते १२ वर्षांची तीसेक मुलं आहेत, बरीचशी इंग्रजी माध्यमातली. वेळ दोन तास. भाषणं नकोत. फास्टर फेणेला धरून काय करता येईल? गोष्टीच्या झेरॉक्स वाटल्या तर चालतील का?

पेठकर
वाचन हवंच, पण पहिल्या पानापासून नको. बनेश (म्हणजेच फास्टर फेणे) संकटात सापडतो तिथून सुरू करा, आधीचं दोन वाक्यांत तोंडी सांगा. मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे हजार शब्दांचा उतारा आठ-दहा मिनिटांचा. त्यापुढे लहानगी चुळबुळायला लागतात. वाचक तीन: निवेदक, बनेश आणि उरलेली सगळी पात्रं. बनेशचं ते ठरलेलं 'ट्टॉक' मात्र मुलांनी म्हणायचं, तेही निवेदकानं हात वर केल्यावरच. नाहीतर दर ओळीला ट्टॉक होतं आणि गोष्ट राहते बाजूला.

दिवेघाट
झेरॉक्स नको. भागवत २००१ साली गेले, त्यामुळे लेखनाचे हक्क २०६१ अखेरपर्यंत आहेत. उतारा वाचून दाखवायला हरकत नाही, अख्खी गोष्ट छापून वाटू नये. अप्पा बळवंत चौकातून उत्कर्ष प्रकाशनाची चार-पाच पुस्तकं आणा, तीच शेवटी बक्षिसं.

वाचनानंतर शोधखेळ. पाच-पाच जणांचे सहा गट, सहा जागा, आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या जागेवरून: पहिला १-२-३, दुसरा २-३-४ असं फिरत. सगळे एकाच जागेवरून सोडले की पुढच्यांच्या मागे नुसती पळापळ होते, कोडं कुणी सोडवतच नाही. प्रत्येक जागी सहा चिठ्ठ्या, एकूण ३६. एकच ठेवलीत तर पहिला गट ती खिशात घालणार! कोडी गोष्टींतलीच घ्या: बनेशचं गाव (फुरसुंगी), शाळा (विद्याभवन).

कर्वेनगरी
वळीव आला तर?

दिवेघाट
जागा जिन्यात आणि पार्किंगमध्ये ठेवा. गाड्यांची ये-जा तेवढा वेळ थांबवायला वॉचमनना आधीच सांगा. सायकल शर्यत मात्र नकोच, फेणे कितीही फास्टर असला तरी.

पानगळ
भागवतांच्या दुसऱ्या नायकाला, पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारला विसरू नका! त्याच्या नावानं पुस्तकांची अदलाबदल ठेवा: एक पुस्तक द्या, एक कूपन घ्या, कूपनावर दुसरं उचला. पुस्तकं आदल्या संध्याकाळीच गोळा करा, कारण पालक हमखास जुनी गाइडं पाठवतात, ती चाळून काढावी लागतात. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या गोष्टी वेगळ्या टेबलावर मांडा. बारा वर्षांची मुलं आधी तिकडेच वळतील.