मुलींसाठी जागा वाढवायच्या की चाळणीच बदलायची?
(चर्चास्थळावरचा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

प्रयोगवही
विज्ञान-तंत्रज्ञानात मुली कमी का, हा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी राखीव जागांवर येते आणि तिथेच रुतते. माझं म्हणणं, आधी चाळणी बघा.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली कॉम्प्युटर सायन्सला नव्याने येणाऱ्यांत मुली होत्या ७ टक्के. २००० साली ४२ टक्के. राखीव जागा नव्हत्या. प्रवेश देताना 'आधीपासून कोडिंग येतं का' याला जे वजन होतं ते कमी केलं, आणि नवशिक्यांना सुरुवातीचा वेगळा कोर्स दिला. विद्यार्थ्यांशी बोलून त्यांना कळलं होतं की घरातला कॉम्प्युटर बहुधा मुलाच्या खोलीत जातो. शिवाय, आधीचा अनुभव असलेलेच पुढे चमकतात असंही काही दिसलं नव्हतं. म्हणजे चाळणी भलतंच काहीतरी मोजत होती.

तिथल्याच हार्वी मड कॉलेजने तर पहिल्याच वर्गाचे दोन भाग केले: कोडिंग येणारे वेगळे, न येणारे वेगळे. प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने ज्ञान पाजळणारा एक जण प्रत्येक वर्गात असतोच. 'सर, हे रिकर्शनने एका ओळीत होईल ना?' सर खूश, आणि मागच्या दहा जणांना वाटतं, आपण चुकीच्या वर्गात आलो. तिथले प्राध्यापक अशांना बाजूला घेऊन सांगायचे की बाबा, हे आपण तासानंतर बोलू. काही वर्षांत तिथे कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या मुली १० टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेल्या.

चकमक
निकष बदलला, आकडा बदलला. यात नवल ते काय?

मुली कमी म्हणजे कुणीतरी अडवतंय, हे तुम्ही गृहीतच धरलंय. वैद्यकीय शाखेत, जीवशास्त्रात मुली भरपूर आहेत, तिथे कुणी चाळणी बदलली होती? आवडनिवड नावाची गोष्ट असते की नाही? आणि पक्षपाताचं म्हणाल तर कॉर्नेल विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यास वाचा. सहायक प्राध्यापकपदासाठी तोडीस तोड उमेदवार दाखवले, तर निवडणाऱ्यांनी बाईला दोनास एक पसंती दिली. तरी रडगाणं चालूच.

सांख्यिक
चकमक, तो अभ्यास मीही वाचलाय. त्यातले उमेदवार उत्तमच आहेत असं आधीच सांगितलेलं होतं. आता येलच्या संशोधकांचा २०१२ चा घ्या. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाची जागा, बरा पण अगदी चमकदार नाही असा एकच अर्ज, १२७ प्राध्यापक. काहींना तो जॉनचा म्हणून दिला, काहींना जेनिफरचा म्हणून. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार देऊ केला, जेनिफरला २६,५०८. महिला प्राध्यापकही यात मागे नव्हत्या बरं.

मला दोन्ही अभ्यास एकत्र पटतात. उत्तम असल्याचा शिक्का आधीच बसला असेल तर नाव आड येत नाही. शंकेला जागा असली की नाव बघितलं जातं. आणि बावीस-तेविसाव्या वर्षी कुणावर शिक्का बसलेला असतो?

अवांतर: हबल दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावांवरची नावं २०१८ पासून परीक्षकांना दाखवत नाहीत. आधी वर्षानुवर्षं पुरुषांच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण जास्त असायचं. त्या पहिल्या फेरीत स्त्रियांचं ८.७ टक्के, पुरुषांचं ८. एका फेरीवरून उड्या मारू नयेत हे खरं, पण नावं झाकायला खर्च काय येतो?

उभाछेद
सगळं मान्य, पण चाळणी बदलेपर्यंत किती पिढ्या थांबायचं? आयआयटीत मुली दहा टक्क्यांच्या आगेमागे घुटमळत होत्या. २०१८ पासून जादा जागा काढल्या, मुलांची एकही जागा न कापता. १४ टक्क्यांपासून सुरू करून २०२० पर्यंत २० चं लक्ष्य ठेवलं. परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव असावंच लागतं. साठ जणांच्या वर्गात चार मुली असतात तेव्हा प्रोजेक्टचे गट पडताना त्या चौघी आपोआप एका गटात ढकलल्या जातात. बारा असल्या की हा प्रकार बंद पडतो. तुमच्या सुंदर चाळणीने हे होईल, पण कधी?

चकमक
आणि त्या बाराही जणींना चार वर्षं 'कोट्यातून आलीस ना' ऐकावं लागतं. जी जादा जागेशिवायही आली असती, तिलासुद्धा. हे नुकसान कुणी मोजलंय?

उभाछेद
ऐकवणाऱ्यांची तोंडं बंद करायची सोडून जागा बंद करायच्या?

लेकुरवाळी
तुम्ही सगळे प्रवेशाच्या दारातच उभे आहात. गळती पुढे आहे.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. ग्लोव्हबॉक्स म्हणजे बाहेरून हात घालून काम करायची हवाबंद पेटी; तिचे हातमोजे एकाच मापाचे, धिप्पाड माणसाच्या. आत हात घातला की बोटांपुढे रिकामं रबर लोंबायचं, कुपीचं झाकण चिमटीत येईना. माझ्या शेजारचा अर्ध्या वेळात उरकायचा आणि गाईडला वाटायचं त्याचा हात चांगला आहे. लहान मोजे मिळतात, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे किरकोळ. दिवस गेले तेव्हा टोल्युईन या घातक द्रावकाचं काम थांबवायला हवं होतं, म्हणजे आईला सांगायच्या आधी गाईडला सांगायचं. त्यांनी माझा अर्धा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे दिला, काळजीपोटीच. पेपरवर पहिलं नाव त्याचं लागलं.

अमेरिकेतला २०१९ चा अभ्यास आहे: पहिल्या मुलानंतर विज्ञान-तंत्रज्ञानातली पूर्णवेळ नोकरी सोडणाऱ्या आया ४३ टक्के, बाप २३. वैद्यकीय आणि जीवशास्त्रात मुली भरपूर म्हणता ना चकमक? मग त्याच क्षेत्रांत विभागप्रमुखांच्या पाट्या वाचत जा.

चकमक
२३ टक्के बापही सोडतात, हे तुम्हीच सांगितलंत. मग दोघांनाही सारखी सवलत द्या. बाईला वेगळी कशाला?

सांख्यिक
दिली होती. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या नामांकित विभागांनी मूल झाल्यावर प्राध्यापकाच्या नोकरीत कायम होण्याची मुदत आईबाप दोघांनाही वाढवून दिली. २०१८ मध्ये त्याचा हिशेब छापून आला: त्याच विद्यापीठात कायम होणारे पुरुष वाढले, स्त्रिया कमी झाल्या. मिळालेल्या जादा वर्षात पुरुषांचे वरच्या जर्नलमधले पेपर वाढले, बायकांचे नाहीत.

प्रयोगवही
ही माहिती नवी. म्हणजे सरसकट मुदतवाढ हीसुद्धा एक चाळणीच.

लेकुरवाळी
मुदत वाढवू नका, हाताखाली माणूस द्या. मी रजेवर असताना प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी कुणीतरी जगवायला हव्यात, त्यांना रविवार कळत नाही. सहा महिन्यांसाठी एका तंत्रज्ञाचा पगार, आणि प्रोजेक्ट माझ्याच नावावर.

चकमक
हे मला चालेल. पण तो पगार गाईडच्या अनुदानातून कापलात तर पुढच्या वेळी तो मुलगी घेतानाच दहादा विचार करेल.

लेकुरवाळी
म्हणूनच तो संस्थेच्या खात्यातून गेला पाहिजे. आमच्याकडे मागितला होता. फाइल अजून लेखा विभागात आहे.